लेकीची गोळी

जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या बाजारात माझं मेडिकल आहे. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक मला डॉक्टरच म्हणतात. सुरुवातीला मी "मी डॉक्टर न्हाई हो" असं सांगायचो, मग सांगायचं सोडून दिलं. काउंटरवर आलेल्या माणसाला उत्तर लगेच पाहिजे असतं. त्याची एसटी सुटायची असते, नाहीतर सोयाबीनची गाडी काट्यावर उभी असते. "जेवणाआधी घ्यायची का मागून?" मागून. "दुधासंगं चालंल का?" चालंल. अशी माझी अर्धी उमर गेली, आणि मी कधी फारसा कोड्यात पडलो नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला बदनापूरहून माहेरी आली. मुलगा झाला, वजन चांगलं, सगळं बराबर. बारसंही झालं. पण हळूहळू पोरीचं बोलणं कमी व्हायला लागलं. बाळ रडायचं आणि ती भिंतीकडे बघत बसायची. बायकोने उचलून तिच्या मांडीवर दिलं की पाजायची, पाजून झालं की खाली ठेवायची. जेवण ताटात तसंच राहायचं. बायको म्हणाली नजर लागली, मीठ-मिरच्या उतरवून झाल्या. मी म्हणालो अशक्तपणा आहे, आणि दुकानातून टॉनिक आणून दिलं. शेवटी टाके दाखवायला जालन्याला नेलं तेव्हा बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन-चार प्रश्न विचारले, तिने उत्तरं देता देता रडायला सुरुवात केली, आणि बाईंनी आम्हाला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. औषधाचं नाव मी इथे लिहीत नाही, कुणीतरी वाचून दुकानात मागायला जाईल. "दूध पाजणं चालू ठेवा," असंही ते म्हणाले, पण बाहेर गर्दी होती, आत पुढचा पेशंट डोकावत होता, आणि आम्ही मान हलवून उठलो. ती गोळी माझ्याच दुकानात होती. मी कित्येकांना दिली होती.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आहो, ही गोळी दुधातून लेकराच्या पोटात जाईन ना?"

"जाईन थोडीफार."

"मंग?"

मी उठलो. दुकानात जाऊन गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद काढला. इतक्या वर्षांत तो कागद मी पुडी बांधायला वापरला असेल, पूर्ण वाचला नव्हता. बारीक अक्षरात लिहिलं होतं की औषध आईच्या दुधात उतरतं, स्तनपान देणाऱ्या बाईला देताना सावधगिरी बाळगावी. सावधगिरी बाळगावी म्हणजे काय करावं? द्यावं का देऊ नये? ते त्या कागदाने सांगितलं नाही.

फोनवर शोधलं. आजकाल फोन वरच्या बाजूला आपणहून उत्तर लिहून देतो. त्याने लिहिलं, साधारणपणे सुरक्षित. तोच प्रश्न मी थोडा फिरवून विचारला, तर म्हणाला, टाळलेलं बरं. खाली कुठल्या तरी देशातल्या बायकांच्या गप्पा होत्या, एकीचं बाळ छान होतं, एकीचं झोपतच नव्हतं. मग कंपनीच्या एमआरला, म्हणजे औषधं खपवायला दुकानोदुकानी फिरणाऱ्या माणसाला, फोन लावला. तो म्हणाला, "एकदम सेफ आहे सर, बिनधास्त द्या. फक्त लेखी मागू नका." जाफ्राबादला माझा एक मित्र आहे, त्याचंही मेडिकल आहे. तो म्हणाला, "रिस्क काहून घेतो? अंगावरचं दूध तोड आणि पावडरचा डबा चालू कर." डॉक्टरांना फोन केला तर कंपाउंडरने उचलला आणि सोमवारी या म्हणून सांगितलं.

गोळ्यांची स्ट्रिप तशीच राहिली. दोन दिवस गेले. पोर काही विचारत नव्हती, गोळी द्या असंही म्हणत नव्हती आणि नको असंही म्हणत नव्हती.

त्याच आठवड्याच्या रविवारी जालन्यात आमचा काही रविवारांचा कोर्स सुरू झाला. फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन चालू ठेवायचं तर मधूनमधून असे कोर्स करावे लागतात. आम्ही सगळे दुकानदार जातो, सही करतो, जेवतो आणि सर्टिफिकेट घेऊन येतो. मीही तेवढ्यासाठीच गेल्तो. शहराबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही बसलो. माझ्या शेजारी जालन्याच्या एका दवाखान्यात औषधं देणाऱ्या एक ताई होत्या, घरी उर्दू बोलणाऱ्या, डोक्यावर ओढणी नीट घेतलेल्या. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "भाईसाब, जेवण किती वाजता आहे?" म्हणजे त्याही माझ्यासारख्याच मनाने आलेल्या होत्या.

शिकवायला आलेल्या मॅडम माझ्या लेकीच्याच वयाच्या असतील. त्यांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली: "तुम्हाला हे कसं माहीत?"

मग त्यांनी एकेकाला उभं करून साधे प्रश्न विचारले. ताप आलेल्या गरोदर बाईला काय द्याल? एक जण म्हणाला, अमुक गोळी. "कसं माहीत?" तो म्हणाला, "सगळेच देतात." मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. दुसरा म्हणाला, कॉलेजात शिकलो. तेही लिहिलं. तिसरा म्हणाला, एमआरने सांगितलं. चौथा म्हणाला, फोनवर बघितलं. "फोनने कुठून आणलं?" चौथा खाली बसला. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण ही सगळी उत्तरं मी त्याच आठवड्यात घरी बसून गोळा केली होती.

त्यांनी समजावून सांगितलं की औषधाची माहिती तीन थरांत येते. एक, ज्यांनी प्रत्यक्ष माणसांवर पाहिलं, मोजलं, त्यांचे लेख. दुसरा थर, असे लेख शोधून एकत्र लावून देणाऱ्या याद्या. तिसरा, त्यावरून कुणीतरी लिहिलेली पुस्तकं आणि तयार सारांश. शोधायला तिसऱ्यापासून सुरुवात करायची, पण शंका आली की खाली पहिल्या थरापर्यंत उतरायचं. हे मला कळलं असं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या ताईंना समजावून सांगायला गेलो तर पहिला थर कोणता आणि तिसरा कोणता, इथेच उलटापालट झाली. त्या म्हणाल्या, "भाईसाब, तुम्ही उलटं सांगून राह्यले."

जेवणानंतर मॅडम म्हणाल्या, "आता तुमच्या दुकानातला खरा प्रश्न द्या. आपण शोधू."

माझा हात वर गेला. का गेला ते मला कळलं नाही. मी म्हणालो, "एक गिऱ्हाईक आहे. बाळंतीण. मनाच्या आजाराची गोळी लिहून दिली. दूध पाजती. द्यावी का?" गोळीचं नावही सांगितलं.

मला वाटलं त्या हो किंवा नाही म्हणतील. त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाळ किती दिवसांचं? दिवस भरून झालं का? वजन वाढतंय का? फक्त अंगावरचंच दूध आहे का वरचंही देतात? बाळाला दुसरं कुठलं औषध? आईला दुसरं कुठलं? मी प्रत्येकाचं उत्तर धडाधड देत गेलो. मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला तुमच्या गिऱ्हाइकाची बरीच माहिती आहे."

मी खाली पाहिलं. शेजारच्या ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं.

हॉलचे तीन गट केले. एका गटाने खोक्यातला कागद आणि कंपनीची माहिती बघायची, एकाने नेहमीची जाडी पुस्तकं, आणि आमच्या गटाने, म्हणजे मी, ताई आणि अजून काही जण, फक्त दूध पाजणाऱ्या आयांच्या औषधांसाठी केलेला एक मोफत माहितीसंग्रह बघायचा. तो इंग्रजीत होता. ताई भरभर वाचत होत्या, मी एकेका शब्दाला अडत होतो. त्यात लिहिलं होतं की काही आया आणि बाळांचं रक्त आणि दूध तपासलेलं आहे, बाळाच्या रक्तात औषध बहुतेक वेळा अगदी थोडं किंवा सापडण्याइतकंही नव्हतं, आणि या जातीच्या गोळ्यांमध्ये ही बऱ्याचदा पहिल्या पसंतीची मानतात. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ताईंनी पुढची ओळ वाचली: अभ्यासलेली बाळं थोडीच आहेत, आणि पुढे ती मोठी झाल्यावर कशी झाली याची माहिती कमी आहे. हायसं वाटलेलं गेलं.

तीन गटांची तीन उत्तरं आली. पहिला गट म्हणाला, सावधगिरी, शक्यतो नको. दुसरा म्हणाला, फायदा जास्त असेल तर द्या. आम्ही म्हणालो, देता येते, बाळावर लक्ष ठेवा.

मी उभा राहिलो. माझा आवाज चढला होता. "मॅडम, मंग खरं काय? तिघं तीन बोलू राह्यले. आमी गिऱ्हाइकाला काय सांगायचं?"

"तिघांनी वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "कागद लिहिणारा कंपनीचा माणूस आहे. ज्याची पूर्ण खात्री नाही त्याला तो सावधान म्हणणार, त्यात त्याचं काही जात नाही. दूध तपासणाऱ्यांनी फक्त दूध आणि बाळ पाहिलं. पण या तिघांपैकी एकानेही मला एक गोष्ट सांगितली नाही. बाईने गोळी नाही घेतली तर काय होईल?"

त्या माझ्याकडे वळल्या.

"तिचा आजार किती आहे?" त्यांनी मला विचारलं. "झोपते का? खाते का? बाळाकडे बघते का? काही वाईट विचार बोलून दाखवते का?"

बाळाचं वजन मी ग्रॅममध्ये सांगितलं होतं. ताट तसंच राहतं एवढं मी बघितलं होतं, पण ती झोपते का, तिच्या मनात काय चाललंय, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी "विचारून सांगतो" म्हणालो आणि बसलो. सगळा वर्ग दुसऱ्या प्रश्नाकडे गेला. तो कुणाच्या तरी सांधेदुखीच्या गोळीचा होता, मला त्यातलं काही आठवत नाही.

सुटल्यावर गेटपाशी ताई थांबल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाईसाब, बेटी आहे ना?"

मी हो म्हणालो.

"मंग जल्दी घरी जा. आधी तिलाच विचारा."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको बाळाला घेऊन ओट्यावर बसली होती. पोर आतल्या खोलीत. मी जाऊन खाटेच्या कडेला बसलो. आम्हा बापलेकीचं बोलणं म्हणजे जेवली का, फोन लाव, दुकानात जरा बस, एवढंच. काय विचारायचं ते फळ्यावरून पाठ करून आल्तो, पण तोंडातून निघेना.

"माय," मी म्हणालो, "तुला कसं वाटतं?"

"बरी आहे."

"तसं न्हाई. खरं सांग. मला एका ठिकाणी विचारलं आन् मला सांगताच आलं न्हाई."

ती बोटाने चादरीची किनार ओढत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, तो रडतो ना, तर मला वाटतं शेजारच्यांचं लेकरू रडू राह्यलं. माझं हाय असं वाटतच न्हाई. मला वाटतं सगळ्यांनी मला वाईट म्हणावं. कधी कधी वाटतं निघून जावं."

"कुठं?"

"ते न्हाई माहीत. कुठंबी. मी नसले तर त्याला बरी आई भेटंल."

दोन दिवस मी गोळी बाळाच्या पोटात किती जाते ते शोधत होतो. बाहेर जाऊन बायकोला सांगितलं, आज तू तिच्याजवळ झोप, एकटी सोडू नको. सकाळी पहिल्या गाडीने दोघींना आणि बाळाला घेऊन जालन्याला गेलो, कंपाउंडरच्या नाकासमोरून आत शिरलो, आणि ती जे बोलली ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं.

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. या वेळी त्यांनी वेळ घेतला, पोरीशी एकटीशी बोलले, मग आम्हाला आत बोलावलं. गोळी आजच सुरू करायची, काही दिवस घरात कुणीतरी सतत सोबत राहायचं, जास्त वाटलं तर थेट इथे आणायचं. बाळाचं विचारलं तेव्हा ते जवळपास आमच्या गटासारखंच बोलले, पण एकेक गोष्ट सांगून. "बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतं का, दूध ओढतं का, चिडचिड करतं का, वजन वाढतं का, ते बघा." मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमची खात्री आहे ना?" ते म्हणाले, "पूर्ण खात्री कशाचीच नसते. पण गोळी न देण्याबद्दल मला जास्त भीती आहे."

त्याने माझा गोंधळ मिटला असं मी म्हणणार नाही. गोळी सुरू झाली त्या दिवसापासून मी बाळाचा पहारेकरी झालो. दुकानातून दर थोड्या वेळाने घरी चक्कर. बाळ झोपलं की मी घाबरायचो, हे गोळीमुळे तर नसेल? जागं राहिलं की घाबरायचो, ही चिडचिड तर नसेल? एकदा दुपारी ते इतकं गाढ झोपलं की मी नाकासमोर बोट धरून श्वास बघितला. मग न राहवून मॅडमना फोन केला. त्यांनी नंबर दिलेला होता.

"बाळ फार झोपू राह्यलं मॅडम."

"गोळीच्या आधी किती झोपायचं?"

मला माहीत नव्हतं. आधी मी बघितलंच नव्हतं.

"मग आता जास्त झोपतंय हे कसं माहीत?" त्यांनी विचारलं, अगदी त्या फळ्यावरच्या आवाजात. मग जरा मऊपणे म्हणाल्या, "उठवून दूध दिलं तर पितंय का ते बघा. नाही प्यालं तर डॉक्टरांकडे न्या."

मी बाळाचे तळवे चोळायला लागलो. ते कुरकुरलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"पप्पा, काय करू राह्यले तुमी? त्याला उठवू नका. पोटभर प्याला की असाच झोपतो तो. पहिल्यापासून."

लेक दारात उभी होती, केस विंचरलेले नव्हते, तोंडावर वैताग. पुढे आली, बाळाला माझ्या हातातून काढून घेतलं आणि पदराने त्याचा पाय झाकला. मी तिच्याकडे बघत राहिलो. कित्येक दिवसांत ती कुणावर चिडली नव्हती.

"पहिल्यापासून असाच?" मी विचारलं.

"हौ. मला न्हाई का दिसत?"

हे गोळीने झालं का? डॉक्टर म्हणाले होते की गुण यायला काही आठवडे लागतात, आणि आठवडे तर झाले नव्हते. मग आईने जवळ झोपायला घेतल्याने झालं? मनातलं एकदा बोलून टाकल्याने? का आपोआपच होणार होतं? ती त्यानंतरही मधूनमधून दोन-दोन दिवस पुन्हा गप्प व्हायची, ताट तसंच ठेवायची. मग पुन्हा बोलायची. असं वर-खाली होत होत, थंडी संपेपर्यंत ती बरीच सावरली. बाळाचं वजन वाढत गेलं. जावई येऊन दोघांना बदनापूरला घेऊन गेले. जाताना ते म्हणाले, "मामा, आमच्याकडं गोळी बंद केली तर चालंल ना? आई म्हणती कशाला सवय लावायची." मी त्यांना ओट्यावर बसवून समजावलं की मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांनाच विचारायचं. कळलं का नाही कुणास ठाऊक. मान हलवली त्यांनी.

कोर्सचा शेवटचा रविवार मध्येच होऊन गेला होता. आपापल्या प्रश्नाचं उत्तर उभं राहून सांगायचं होतं. मी काय शोधलं, कुठे शोधलं, कुणाचं किती धरलं आणि काय कळलं नाही, ते सांगितलं. मागून एकाने विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण एका शब्दात सांगा, द्यावी का न्हाई?" मी म्हणालो, "एका शब्दात न्हाई सांगता येत." तो नाराज झाला. मॅडमनी पुढच्याला बोलावलं. ताई टाळ्या वाजवत होत्या, एकट्याच.

परवा एक तरुण शेतकरी दुकानात आला. बायकोला खोकला, डोहाळे चालू, हे सिरप चालंल का? पूर्वी मी बाटली हातात ठेवली असती. मी विचारलं, कितवा महिना? ताप आहे का? दुसरं काही घेते का? किती दिवस झाले? तो माझ्याकडे बघत राहिला.

"डॉक्टर, तुमालाच माहीत न्हाई का?"

"शोधून सांगतो. जरा थांब. न्हाईतर तिला दवाखान्यात दाखवून आण."

तो थोडा वेळ थांबला. मी फोनवर तो माहितीसंग्रह उघडत होतो, नेट हळू चाललं होतं. वर बघितलं तर तो रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये शिरलेला. तिथल्या पोराने फळीवरून बाटली काढली, पिशवीत टाकली, आणि तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला. मी फोन हातात घेऊन काउंटरमागे उभा होतो. माहिती आत्ता उघडली होती. त्याला हाक मारायला हवी होती का, ते मला अजून ठरवता आलं नाही.